हेनिंगच्या शेजारची जागा

बुधवार, ११ जून. सकाळ.
डॉर्नुमरझील, बसथांब्याच्या छपराखाली

श्रीमती ब्रोडरसेन यांस,
श्रीमती ब्रोडरसेनकडून.

आपलं दोघींचं आडनाव एकच, त्यामुळे कोणी कोणाला लिहिलंय हे टपालवाल्यालाही कळलं नसतं. पण हे पत्र टपालानं येणारच नाही. आपण आपलं पत्र टपालानं पाठवलंत, मी माझं सायकलवरून घेऊन येते आहे. संध्याकाळपर्यंत आपल्या हातात पडेल. ओलं असेल. त्याबद्दल माफी मागत नाही.

आपलं पत्र लहान होतं. हाम्सवेरच्या चर्चमागे आपल्या माहेरच्या कबरीत, आपल्या आईवडिलांच्या आणि हेनिंगच्या शेजारी, एक शेवटची जागा उरली आहे आणि ती आपली. दगडावर हेनिंगच्या नावाखाली आपलं नाव आणि जन्मसाल आत्ताच कोरून घेणार आहात. पाथरवट गुरुवारी सकाळी येईल. "आपल्याला माहीत असावं म्हणून कळवते, झिल्के."

म्हणजे माझा नवरा तिथं आहे आणि मी कुठं पडायचं ते मी बघायचं. त्याला तिथं ठेवायला मी लगेच हो म्हटलं होतं, कारण लहानपणीच्या सुट्ट्यांच्या त्या गावात, समुद्राच्या बांधामागं निजायची इच्छा त्याची स्वतःची होती. त्या दिवशी मी खड्ड्याच्या कडेला उभी राहून रडत होते. जागा मोजायचं मला सुचलं नाही. आपण मोजलीत.

आपल्याला आपल्या नवऱ्याशेजारी जागा नाही, हे मला ठाऊक आहे. हॅम्बुर्गला त्यांच्या शेजारी त्यांची पहिली बायको आहे आणि त्या दगडावर दोघांची नावं कधीच कोरून झाली आहेत. वाईट वाटतं. पण जिला स्वतःचा नवरा मिळाला नाही तिनं माझा घ्यावा, हे मला पटत नाही.

हा रस्ता हेनिंगनं आखलेला आहे. आमच्या दारातून निघून त्याच्या आजोळापर्यंत, बांधाच्या कडेकडेनं, दोघांनी सायकलवर. दर उन्हाळ्यात आपले गुडघे दुखायचे आणि दर उन्हाळ्यात आम्ही आपल्याला गाडीत घालून न्यायचो, सायकली घरीच राहायच्या. आता मी एकटी निघाले आहे, आज चौथा दिवस; सायकलनं येते आहे एवढा निरोप निघताना आपल्या फोनवर ठेवला होता. त्यानं छापून ठेवलेले नकाशे माझ्याकडे आहेत, त्यांच्या कोऱ्या बाजूवर हे लिहिते आहे. अंगात त्याचा पिवळा रेनकोट आहे. तो मला पार पोटऱ्यांपर्यंत येतो.

पाऊस पहाटेपासून आहे. पडत नाही, समोरून येतो आहे. बुटांत मोज्यांवर पावाच्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आहेत, त्यांतही पाणी गेलं आहे. थांबणं परवडणार नाही. पाथरवटानं छिन्नी लावायच्या आत मला तिथं पोचायचं आहे. मला त्याच्या शेजारी निजायचं आहे, दुसरं काही मला नको आहे.

झिल्के ब्रोडरसेन

तोच दिवस, दुपारच्या आधी.
बांधावर, पंपघराच्या आडोशाला

श्रीमती ब्रोडरसेन,

आत्ता काय झालं ते लगेच लिहून ठेवते, कारण संध्याकाळी आपण ते नाकाराल.

बांधाच्या समुद्राकडच्या बाजूला मेंढ्या असतात, आणि त्यांनी पळू नये म्हणून दर थोड्या अंतरावर फाटक असतं. आपण इथंच वाढलात, आपल्याला काय सांगायचं. एकटीनं फाटक उघडायचं म्हणजे एका हातात सायकल, दुसऱ्या हातात फाटक, आणि मेंढी निसटू नये म्हणून गुडघा मध्ये. मागच्या दोन्ही पिशव्या पाण्यानं जड झालेल्या. रस्ता लेंड्यांनी साबणासारखा झालेला. त्यात वाऱ्यानं रेनकोट खालून भरला आणि सगळाच्या सगळा माझ्या डोक्यावर उलटा केला. मला काही दिसेना. आतमध्ये हेनिंगचा वास येत होता, जुन्या रबराचा आणि त्याच्या तंबाखूचा. मी तशीच उभी राहिले. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. आणि नेमका तेव्हा छातीवरच्या प्लास्टिकच्या पाकिटात फोन वाजला.

"झिल्के? झिल्के, कुठं आहेस तू? वारा बघ कसला सुटलाय. वेडी आहेस का? उतर त्या सायकलवरून. ऐकतेस ना? उतर आधी."

मी म्हटलं, "उतरलेच आहे. मेंढ्यांत उभी आहे."

मग आपला नेहमीचा आवाज आला, दिवाणखान्यातला.

"माफ करा. मला विचारायचं होतं की आपण कुठे पोचला आहात."

"आत्ता काय म्हणालात?"

"आपण ते विसरून जावं."

"काय विसरून जाऊ?"

"ते संबोधन," म्हणालात आणि फोन ठेवलात.

बावीस वर्षं मी आपली सून होते. आपणच मला शिकवलंत की 'तू' हे मोठ्यांनी द्यायचं असतं, धाकट्यांनी मागायचं नसतं. मी मागितलं नाही. लग्नाच्या जेवणात आपण पेल्यावर चमचा वाजवलात. सगळे गप्प झाले, माझी आई रुमाल शोधायला लागली, हेनिंगनं टेबलाखाली माझा हात धरला, सगळ्यांना वाटलं आता सुनेला 'तू' देणार. आपण उठून हवामानावर बोललात आणि बसलात. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणालात, "घाई काय आहे, झिल्के? लग्नं काय, होतात." माझ्या आईनं हेनिंगला पहिल्याच दिवशी, पातेलं पुसता पुसता 'तू' म्हणून टाकलं होतं.

हॅम्बुर्गच्या चांगल्या घरांत असंच असतं म्हणे. नावानं हाक मारायची आणि पुढे 'आपण' लावायचं. झिल्के, आपण जरा मीठ देता का. झिल्के, आपण हा रंग घालू नये. झिल्के, आपण रडू नका. हे शेवटचं हॉस्पिटलच्या जिन्यात. आपल्या कुत्र्यालाही आपण 'तू' म्हणता, आणि तो चावतो.

आणि आज ते एकदाचं दिलंत, मेंढ्यांसमोर, आणि एका दमात परत घेतलंत. भेट दिलेली वस्तू काढून घ्यावी तसं. असं चालत नाही, श्रीमती ब्रोडरसेन. आपणच सांगायचात, एकदा दिलेलं 'तू' परत घेणं म्हणजे तोंडावर थुंकणं.

आपल्याला माझी काळजी वाटली, असं मी मानणार नाही. 'सायकलीनं माझा मुलगा नेला,' असं आपण सगळ्यांना सांगत फिरता. हेनिंग सायकलवर गेला नाही. तो आमच्या ओट्यापाशी कांदा चिरताना गेला, आणि ते हृदय त्याला आपल्या नवऱ्याच्या घराण्याकडून आलं होतं, हे डॉक्टरांनी आपल्यासमोर सांगितलं. तेव्हा काळजी कसली? मी आज या बांधावर मेले असते तर ती जागा आधी मला मिळाली असती. आपण घाबरलात ते त्याला.

फोन झाल्यापासून या पंपघरापर्यंत वारा होता की नव्हता, मला आठवत नाही. हे लिहायला नको होतं. कागद ओला आहे, खोडलं तर फाटेल, म्हणून राहू देते.

झिल्के ब्रोडरसेन

तोच दिवस, दुपार.
ग्रेटझील, बेकरीत

श्रीमती ब्रोडरसेन,

माझ्या खाली खुर्चीभोवती तळं झालं आहे आणि इथल्या बाईनं त्यावर कालचं वर्तमानपत्र पसरलं आहे. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा पाहते आहे. दारातून आत आले तशी इकडचं अभिवादन करत म्हणाली, "मॉइन. दार लाव गं पोरी, समुद्र आत येतोय." पोरी म्हणे. मी सत्तावन्न वर्षांची आहे.

"कुठनं आलीस?"

"हॅम्बुर्गहून."

"उलटी?"

"उलटी म्हणजे?"

"अगं सगळे जण तिकडनं इकडं येतात, वारं पाठीवर घेऊन. शाळेतली पोरंसुद्धा. तूच एकटी वाऱ्याच्या तोंडात शिरतीयस. कुणी सांगितलं नाही तुला?"

"माझं काम तिकडेच आहे."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "कुणी गेलंय का तिकडं?"

"नवरा. हाम्सवेरला."

"मग बस निवांत," ती म्हणाली. "तो काही कुठं जात नाही."

आपण असतात तर उठून निघून गेला असतात. मी हसले. ऑक्टोबरात हेनिंग गेला त्यानंतर पहिल्यांदाच असेन. तिनं न विचारता चहा आणला, खडीसाखर घातली, कडेनं साय सोडली. मी कप रिकामा केला की पुन्हा भरायची, पुन्हा भरायची. शेवटी म्हणाली, "बस झालं असलं तर कपात चमचा ठेव की गं. नाहीतर मी दुकान बंद होईपर्यंत ओतत बसेन."

ही रीत मला ठाऊक असायला हवी होती. आपल्या घरीही हाच चहा, हीच खडीसाखर, हेच निळ्या फुलांचे कप. पण कपात चमचा ठेवायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, कारण दुसरा कप मला तिथं कोणी विचारला नाही.

तेव्हा आता स्पष्ट विचारते. हा बांध, हा वारा, ही माणसं आपली. इथं दुकानदारीण गिऱ्हाइकाला 'तू' म्हणते, गिऱ्हाईक पाद्र्याला 'तू' म्हणतं आणि कोणाचं काही बिघडत नाही. आपण इथून हॅम्बुर्गला गेलात तेव्हा काय काय टाकून गेलात? आणि मरायला मात्र इथं परत यायचं, ते माझ्या नवऱ्याच्या कुशीत?

ब्रेकचे रबर पार झिजले आहेत, दाबले की नुसतं पाणी निघतं. चेन कुरकुरते आहे. बाहेर एक बस उभी आहे, ती हाम्सवेरवरून जाते. बाई म्हणाली, "घाल सायकल बसमध्ये, ड्रायव्हर माझा भाचा आहे." मी नको म्हटलं. आपण टॅक्सीनं येणार, हे मला ठाऊक आहे. मला आपल्यासारखं यायचं नाही.

झिल्के ब्रोडरसेन

तोच दिवस, संध्याकाळ.
हाम्सवेर, फेन्नाच्या घरी, वरची खोली

एल्झाबे,

मला परवानगी नाही, ठाऊक आहे. धाकटीनं मागायचं नसतं. मी मागत नाही, घेते. तुझं सकाळचं 'तू' मी परत दिलेलं नाही, ते माझ्याकडेच आहे.

गावात भाड्याच्या खोल्या फक्त फेन्नाकडे आणि त्याही दोनच, हे मी विसरले होते. तिच्या स्वयंपाकघराचं दार उघडलं तर शेगडीपाशी तू बसलेली, मोत्यांची माळ घालून. उठून उभी राहिलीस आणि म्हणालीस, "झिल्के. आपण भिजला आहात."

"भिजलीय?" फेन्ना म्हणाली. "अगं ती निम्मी विरघळलीय. एल्झे, बघत काय बसलीस, टॉवेल दे तिला. तिथं खुंटीला आहे. तो नको, तो कुत्र्याचा. दुसरा."

आणि तू दिलास. बावीस वर्षांत तुला कोणी असं काही करायला सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं. फेन्ना शाळेत तुझ्याशेजारी बसायची म्हणाली. तिच्यासमोर तू एल्झे असतेस, आणि तुला त्याचं काही वाटत नाही. माझ्यासमोर मात्र वाटतं.

जेवताना मी तुझ्या बशीशेजारी ही पत्रं ठेवली. तू ती उघडली नाहीस, रुमालाखाली सरकवलीस. म्हणून मी तोंडानं बोलले. ती जागा माझी आहे, असं म्हटलं. तू म्हणालीस, "कबरीचे हक्क माझ्या नावावर आहेत, झिल्के. आपण विनाकारण त्रास करून घेता." मी म्हटलं, दगड कोरला तर मी छिन्नीपुढे उभी राहीन. तू म्हणालीस, "आपण तसं करणार नाही. पाऊस आहे."

तेव्हा फेन्नानं बटाट्याचं भांडं आपल्या दोघींच्या मध्ये आपटलं.

"एका जागेत पेटी एकच मावते," ती म्हणाली. "राखेचा डबा तिच्यावर पुरता येतो. चर्चवाल्यांची काही ना नाही, जिच्या नावावर हक्क आहे तिची सही लागते फक्त. आमच्या घरात तेच झालंय. सासूबाई खाली पेटीत आहेत, माझं वरचं ठरलंय. जाळायचं कागदावर लिहून ठेवलंय मी."

"पोपिंगांच्या घरात कोणी जाळून घेत नाही," तू म्हणालीस. तुझ्या माहेरचं आडनाव मी तुझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

"तुला कोण जाळतंय, एल्झे? ती जळेल. तू आपली पडून राहा."

मला हसू आलं. तू कपात चमचा ठेवलास, खुर्ची मागे सरकवलीस, पत्रं उचललीस आणि खोलीत गेलीस. पत्रं उचललीस, ते मी पाहिलं.

तेव्हा माझं म्हणणं आता नीट लिहून देते. पेटीत तू जा, तुझ्या आईवडिलांसारखी. तू मोठी आहेस, तुझा नंबर आधी लागावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मग माझी वेळ आली की मी जळून येईन आणि तुझ्यावर बसेन. यात मला सुख वाटतंय असं समजू नकोस. बावीस वर्षं तुझ्या टेबलावर बसले तेवढं मला पुरे होतं. पण मला हेनिंगच्या शेजारी निजायचं आहे, आणि आता तिथं जायचं तर तुझ्या अंगावरूनच जावं लागतं. तू सही कर. उद्या पाथरवटाला तुझ्या नावाखाली माझ्यापुरती जागा सोडायला सांग.

सही केली नाहीस तर मी दगडापुढे उभी राहीन, पाऊस असो नसो. आज दिवसभर वाऱ्याच्या तोंडात सायकल चालवली आहे. तू मला पावसाची भीती दाखवू नकोस.

आणि एक. एकाच खड्ड्यात एकीवर एक पडलेल्या दोन बायकांनी एकमेकींना 'आपण जरा सरकता का' म्हणायचं, हे मला जमणार नाही. तेव्हा आत्तापासूनच सवय झालेली बरी.

तुझ्या खोलीतून खोकल्याचा आवाज येतो आहे. माझ्या पावलांचा तुला येत असेल. त्याचीही सवय कर.

हे दाराखालून सरकवते आहे.

झिल्के

बुधवार, संध्याकाळ.
खालची खोली

झिल्के,

आपलं पत्र दाराखालून मिळालं. आधीचीही वाचली. कागद ओले असल्यामुळे फेन्नाच्या चटईवर शाईचा डाग पडला आहे. तो आपण पुसावा.

'तू' म्हणण्याची परवानगी मी आपल्याला दिलेली नाही. सकाळी फोनवर जे झालं ते वाऱ्यामुळे झालं.

माझे पती आणि त्यांची पहिली पत्नी यांच्याविषयी आपण लिहिलंत ते खरं आहे. तरीही ते लिहायला नको होतं.

लग्नाच्या जेवणात मी जे बोलायला उठले होते ते मला आठवतं. माझ्या सासूबाईंनी मला 'तू' शेवटपर्यंत दिलं नाही. तुम्हां तरुण मुलींना ते आल्या आल्या हवं असतं. उभी राहिले आणि मला ते देववलं नाही. याहून अधिक मी सांगणार नाही.

जाळून घेणं मला पसंत नाही. पण शरीर आपलं आहे. सही करते. पाथरवटाला माझ्या नावाखाली एका ओळीची जागा सोडायला सांगेन. आपलं नाव तसं लहान आहे, मावेल.

माझी झोप सावध आहे. वर गेल्यावर पाय आपटू नयेत.

रेनकोट मी शेगडीपाशी वाळत घातला आहे. हेनिंगला तो मी घेऊन दिला होता, तेव्हाही तो म्हणाला होता की फार मोठा आहे. खालची कड आतून दुमडून टाके घालायला हवेत, म्हणजे डोक्यावर येणार नाही. सुईदोरा फेन्नाकडे आहे.

पाथरवट सकाळी लवकर येतो. उशीर करू नकोस.

एल्झाबे